उभ्याने जाणाऱ्यांची लोकल: जपानची ई233

कुनिताची म्हणजे टोकियोचं कळवा. स्टेशनाबाहेर चेरीच्या झाडांचा रुंद रस्ता आहे, 1926 सालची लाल त्रिकोणी छपराची जुनी स्टेशनाची इमारत पुन्हा उभी करून जपून ठेवलीय, तसलं आपल्याकडे काही नाही, कबूल. पण टोकियो स्टेशनापासूनचं अंतर साधारण तेवढंच, चौतीस-पस्तीस किलोमीटर, आणि मुख्य म्हणजे फास्ट गाडी थांबत नाही. अलीकडे कोकुबुंजीला थांबते, पलीकडे ताचिकावाला थांबते, मधे कुनिताचीकरांच्या तोंडावर वारा मारून निघून जाते. पहिल्याच दिवशी मी लेकीला म्हटलं, अगं, समुद्र ओलांडून आलीस आणि घर घेतलंस ते परत स्लो गाडीच्याच स्टेशनवर?

मी कळव्याची. 1991 ते 2022, एकतीस वर्षं कळवा ते सीएसएमटी केलं. बॅलार्ड इस्टेटमधल्या एका कचेरीत अकाउंट्सला होते. सकाळी कारशेडमधून ठाण्याला निघणाऱ्या रिकाम्या गाडीत रुळांवरून वर चढून सीट पकडणाऱ्या बायकांत मीही होते, आता कशाला लपवू. नोव्हेंबर 2024 ते जानेवारी 2025 लेकीकडे होते. जावयांनी फुजीचा डोंगर दाखवला, देवळं दाखवली. त्यावर सगळेच लिहितात. मी गाडीवर लिहिते, कारण मला कळतं ते तेवढंच.

गाडीचं नाव ई233. माझा नातू नऊ वर्षांचा, तो तिला 'ई-नी-सान-सान' म्हणतो. आपल्याकडे पोरं क्रिकेटवाल्यांच्या धावा पाठ म्हणतात, तसे हा गाडीच्या मोटरी मोजतो. दहा डब्यांत सहा मोटरचे, हे मला त्यानेच शिकवलं. चुओ लाइनवर, म्हणजे कुनिताचीवरून जाणाऱ्या लाइनवर, ही गाडी डिसेंबर 2006 मध्ये आली. त्याआधी 201 नावाची होती, 1979 पासूनची, नखशिखांत नारिंगी. नवीचं अंग स्टेनलेस स्टीलचं, रंग न दिलेलं, आणि जुनीची आठवण म्हणून पोटावर नारिंगी पट्टा. टोकियो ते ताकाओ 53 किलोमीटर धावते, म्हणजे आपलं सीएसएमटी ते कल्याणच धरा. या जातीचे तीन हजारांवर डबे आहेत आणि ते निरनिराळ्या लाइनींवर फिरतात. केइहिन-तोहोकूला पट्टा आकाशी, साइक्योला हिरवा. पोर ओळखतं, मी शेवटपर्यंत फक्त नारिंगीच ओळखली.

आता मुद्द्याचं. माझी उंची चार फूट अकरा इंच. एकतीस वर्षांत मी गाडीत हँडल धरून नीट उभी राहिलेय असं फार थोडे दिवस झालं असेल. हात पोचायचा, पण मग टाचा उचलाव्या लागायच्या, आणि मुलुंडपर्यंत टाचा उचलून कोण उभं राहणार? म्हणून सीटच्या पाठीची कड धर, नाहीतर पुढच्या बाईची पर्स धर. ती रागावली तर सॉरी म्हण. ई233 मध्ये प्राधान्याच्या सीटा असतात, वयस्कर, गरोदर बायका, कडेवर मूल असलेल्या अशांसाठी. तिथल्या टांगत्या कड्या इतर कड्यांपेक्षा खाली लावलेल्या आहेत. त्रिकोणी कड्या, चार बोटं अगदी सरळ बसतात. पहिल्या दिवशी मी कडी धरली, टाचा जमिनीवरच आहेत हे लक्षात आलं, आणि मी समोरची रिकामी सीट सोडून तशीच दोन स्टेशनं उभी राहिले. लेक म्हणाली, आई बस ना. म्हटलं, थांब जरा.

दुसरी गोष्ट दांड्यांची. दोन दारांच्या मधे सात जणांची लांब सीट, पाठ खिडकीला. तिच्यापुढे जमिनीपासून वरपर्यंत दोन उभे दांडे, मधे किंचित बाहेर वाकलेले. त्यामुळे सीटचे दोन, तीन, दोन असे आपोआप भाग पडतात. प्रत्येकाला 46 सेंटिमीटर. बसायची जागा थोडी खोलगट केलेली, म्हणजे कुणाचं कुठे हे सीटच सांगते. दांडा उभ्याला धरायला आणि म्हाताऱ्याला उठायला उपयोगी, शिवाय बसलेल्याला पसरू देत नाही. एका पाइपाकडून तीन कामं. गंमत म्हणजे आपला डबा तिच्यापेक्षा रुंद आहे. आपल्या दोन रुळांमधलं अंतर 1676 मिलिमीटर, त्यांचं 1067. आपला डबा 3.66 मीटर, त्यांचा 2.95. जागा आपल्याकडे जास्त, तरी तिघींच्या सीटवर चौथी मी, अर्धी मांडी हवेत, आणि वर "जरा सरकून घ्या हो" म्हणायचं ते निराळंच. सातच्या सीटवर आठवं कुणी बसताना तीन महिन्यांत दिसलं नाही. बसणार तरी कुठे, दांडा आडवा येतो.

सीट खालून मोकळी आहे, म्हणजे भिंतीतून बाहेर काढलेल्या फळीसारखी, पाय नाहीत. तिच्या पोटाला हीटर टांगलेला असतो. डिसेंबरात बसलं की पोटऱ्या शेकतात. मला वाताचा त्रास आहे. कुनिताची ते शिंजुकू गुडघ्यांना जे बरं वाटायचं ते घरी आल्यावर कुठल्या तेलाने वाटलं नाही. तक्रार एवढीच की गादी माझ्या मते अंमळ कडक आहे, आणि शेक मागून लागतो, पुढे पावलं गारच.

नातवाने एका रविवारी ओचानोमिझूला नेलं. तिथे स्टेशनाशेजारी हिजिरीबाशी नावाचा पूल आहे. खाली नदी, नदीकाठाने नारिंगी चुओ, तिच्या बाजूला पिवळी सोबू, आणि खालून भुयारातून बाहेर येऊन नदी ओलांडून परत भुयारात घुसणारी लाल मारुनोउची मेट्रो. तिन्ही एकदम येण्यासाठी पोरं कॅमेरे रोखून उभी असतात. आमचा नातू मात्र टपांकडे बघत होता. "आजी, ते बघ, एक खाली घातलेला आहे." तारेला टेकून वीज घेणारे पेंटोग्राफ टपावर उभे असतात, त्यांतला एक दुमडून निजवलेला. मला वाटलं नादुरुस्त असेल. तो म्हणाला, नाही, तो राखीव. एखादा मोडला तर तो वर करायचा.

मग त्याने पूर्ण पाठ म्हणून दाखवला. आधीच्या गाड्या बंद पडून लोकांचा खोळंबा व्हायचा, म्हणून हिच्यात महत्त्वाची यंत्रं एकेकटी ठेवलीच नाहीत. हवा भरणारा कॉम्प्रेसर एकापेक्षा जास्त, मोटरी चालवणारी यंत्रणा दुहेरी, एक गेली तर दुसरीवर गाडी पुढे जाते. मी ऐकत होते आणि मला आठवत होता एक जुलै. सालाने काय फरक पडतो, तुमच्याही आयुष्यात असा एक जुलै असेल. कळवा आणि ठाण्याच्या मधे पुढची गाडी बंद पडली. तिच्या मागे आमची, आमच्या मागे आणखी किती कोण जाणे. सव्वा तास उभ्या. मग बायका एकेक करून खडीवर उतरल्या. उंच पायरीवरून साडी सावरत उडी, खाली काळा चिखल, आणि एका कॉलेजच्या मुलीने माझ्या दोन्ही काखांत हात घालून मला लहान मुलासारखं खाली घेतलं. ऑफिसात पोचले एक वाजून दहा मिनिटांनी. मस्टरवर लाल रेघ आणि अर्ध्या दिवसाची रजा. तेव्हा मी पावसाला शिव्या दिल्या होत्या. पुलावर उभी राहून पहिल्यांदा वाटलं की आपण चुकीच्या पार्टीवर रागावलो. गाडी कधीतरी बिघडणारच हे ज्याने आधी मान्य केलं, त्याने राखीव पेंटोग्राफ ठेवला. आमच्याकडे राखीव होतं ते फक्त कॅज्युअल लीव्ह.

त्यांच्याकडेही उशीर होतो हं. एका सकाळी पंधरा मिनिटं गाडी आली नाही. पण तिथे उशिराचा दाखला मिळतो, रेल्वेचा अधिकृत. जावई तो फोनवर काढून ऑफिसला पाठवतात. हे ऐकल्यावर मी बराच वेळ काही बोलले नाही.

गर्दीबद्दल गैरसमज नको. सकाळी सव्वाआठला मिताकाच्या पुढे जी गर्दी होते ती कुर्ल्याला लाजवेल. दोन-दोन मिनिटांनी गाडी येते तरी होते. फरक असा की दारं बंद होतात. दाराच्या दोन्ही पाखांच्या कडेला पिवळी पट्टी, खाली जमिनीलाही पिवळा पट्टा, वर चौकटीत लाल दिवा लुकलुकतो, मग दार लागतं. ज्याला ऐकू येत नाही त्यालाही कळतं. सरकती दारं आता आपल्याकडेही आहेत म्हणा. ठाण्याहून वाशी-पनवेलकडे एसी लोकल 31 जानेवारी 2020 ला सुरू झाली, तेव्हा मी मैत्रिणीकडे नेरुळला मुद्दाम तिने गेले होते. पण ती एसी, तिचं तिकीट वेगळं. 9 जून 2025 ला मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्या शेजारून जाताना दारातली माणसं खाली पडली, जीव गेले. मी तेव्हा परत येऊन चार-पाच महिने झाले होते. आमच्या बिल्डिंगमधला एक मुलगा त्याच वेळेच्या गाडीत असतो, त्याचा फोन लागेपर्यंत त्याच्या आईजवळ बसले होते. तेव्हापासून जपानच्या गाडीत सर्वात चांगलं काय असं कुणी विचारलं तर मी स्वच्छता, वेळ वगैरे काही सांगत नाही. दार, म्हणते.

प्रत्येक दाराच्या डोक्यावर दोन टीव्ही. एकावर जाहिराती, आवाज बंद. दुसऱ्यावर पुढचं स्टेशन, दार कुठल्या बाजूला उघडणार, आणि उतरल्यावर जिना कुठे, सरकता जिना कुठे, तुम्ही आत्ता कितव्या डब्यात आहात. दादरला पुलाच्या पायथ्याशी कोणता डबा लागतो हे कळायला मला नोकरीची पहिली दोन वर्षं गेली होती, आणि ती माहिती आम्ही नव्या मुलींना लोणच्याच्या पाककृतीसारखी हातचं राखून सांगायचो. इथे ती भिंतीवर लावून ठेवलीय. थोडं वाईटच वाटलं.

लेडीज डब्याचं सांगते. आहे, पण एकच, टोकियोच्या बाजूचा पहिला, आणि तोही कामाच्या दिवशी सकाळच्या गर्दीपुरता. सध्याची सोय 2005 ची. पण याच लाइनवर 1912 मध्ये शाळेत जाणाऱ्या मुलींसाठी बायकांची वेगळी गाडी निघाली होती. युद्धानंतर 1947 पासून बायका-मुलांचा डबा होता, तो 1973 मध्ये बंद झाला, आणि त्याच वर्षी वयस्करांच्या चंदेरी सीटा आल्या. म्हणजे बायकांना उठवून म्हाताऱ्यांना बसवलं. मी आता दोन्हीत मोडते, त्यामुळे मला तक्रार करता येत नाही. आपल्याकडे अख्खी लेडीज स्पेशल 1992 पासून धावतेय, इथे आपण पुढे आहोत.

पण तो डबा! मी मोठ्या हौसेने गेले. शंभरेक बायका, आणि चाकांचा आवाज सोडून आवाज नाही. कोणी भाजी निवडत नाही, कोणी कानातली विकत नाही, कोणाची सासू कोणाला माहीत नाही. लेकीने मला फोन आला तेव्हा डोळे वटारले, कारण गाडीत फोनवर बोलायचं नसतं. मी कुजबुजून "नंतर करते" म्हटलं तरी दोन माना वळल्या. काही जणांना ही शांतता आवडेल. दिवसभर पोरांना शिकवून थकलेल्या माझ्या बहिणीला तर स्वर्ग वाटेल. मला आठव्या दिवशी इतका कंटाळा आला की मी खिडकीतून घरांवर वाळत घातलेल्या गाद्या मोजायला लागले.

माझ्या नशिबाने एक चंगळ झाली. ऑक्टोबर 2024 पासून या गाड्यांना दोन दुमजली डबे जोडायला सुरुवात झाली होती, ग्रीन कार म्हणतात. आपला फर्स्ट क्लास समजा, पण खरा. मागे रेलणाऱ्या खुर्च्या, पुढे फळी, चार्जिंगला प्लग. जोडणी पूर्ण होईपर्यंत ते डबे साध्या तिकिटावर खुले होते. कळव्याच्या बाईला फुकट फर्स्ट क्लास कळल्यावर काय होतं ते सांगायला नको. बारा डब्यांची गाडी येईपर्यंत मी दोन-दोन गाड्या सोडायचे. सगळे वरच्या मजल्यावर धावतात, देखावा बघायला. तुम्ही खाली बसा. खाली डोळे बरोबर फलाटाच्या पातळीला येतात. गाडी थांबली की समोर नुसते बूट. पॉलिश केलेले काळे, शाळेचे तपकिरी, एका आजीचे मखमली, आणि शिंजुकूला एकच चप्पल, नुसती चप्पल, डिसेंबरात. माणूस कोण ते बघायला वाकले तोवर गाडी सुटली. आता 15 मार्च 2025 पासून त्या डब्याला जादा पैसे पडतात. सीटच्या वर लाल दिवा असतो, कार्ड लावलं की हिरवा होतो. हिरवा नसेल तर तिकीट तपासणाऱ्या बाई येऊन नम्रपणे विचारतात.

आणखी एक, जे पुरुष लिहिणार नाहीत. गाडीत संडास आहे. सगळ्या डब्यांत नाही, पण आहे, व्हीलचेअर आत जाईल एवढा मोठा. या ग्रीन डब्यांच्या तयारीतच तो बसवला. एकतीस वर्षं मी सकाळी चहा अर्धा कप प्यायले. माझ्या डब्यातल्या निम्म्या बायका पाणी न पिता निघायच्या आणि मग सगळ्यांना तेच ते दुखणं. मी तो संडास गरज नसताना एकदा वापरला, नुसता तत्त्व म्हणून.

गुण द्यायचे तर पाचपैकी साडेचार. अर्धा गादीचा आणि गप्पांचा कापला. शहाणे म्हणतील गप्पांचा दोष गाडीचा कसा. गाडीचाच. सगळ्यांना एका रांगेत, पाठ खिडकीला लावून बसवलं तर बोलणार कुणाशी? समोरच्याचं तोंड आणि आपल्या मधे उभ्या माणसांची पोटं. आपल्या समोरासमोरच्या सीटांवर गुडघ्याला गुडघा लागतो, तिथे ओळख टाळणं अवघड. पण गर्दीत उभ्याने जाणाऱ्यांना त्यांचीच मांडणी सोयीची, मधे मोकळी जागा जास्त राहते. आणि मी आयुष्यभर बहुतेक उभीच होते.

एक सूचना, कुणी जाणार असाल तर. डिसेंबरात मी एकटी ओमेला गेले, डोंगरांच्या पायथ्याशी, काही नारिंगी गाड्यांचं शेवटचं स्टेशन. परतीची गाडी फलाटावर उभी, दारं बंद, आत लोक बसलेले. मी बाहेर उभी राहून वाट बघतेय. दोन मिनिटं, चार मिनिटं, नाकाचा शेंडा बधिर. आतली माणसं माझ्याकडे बघतात, मी त्यांच्याकडे बघते. शेवटी एका शाळकरी मुलीने मागून येऊन दाराशेजारचं बटण दाबलं, दार उघडलं. थंडीत उभ्या गाडीतली ऊब जाऊ नये म्हणून जो तो आपल्यापुरतं दार उघडतो. मी तिला तीनदा अरिगातो म्हटलं, आत जाऊन दाराशेजारचीच सीट पकडली आणि पोटऱ्या शेकत बसले. मग आणखी एक आजोबा चढले, कुडकुडत माझ्यासमोर बसले, आणि उघड्या दाराकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघायला लागले. मीही हसून बघितलं. तेव्हा तीच मुलगी उठली, आली, आणि माझ्या डोक्याच्या बाजूचं दुसरं बटण दाबून दार लावून गेली. आत दोन बटणं असतात. खालचं-वरचं मला अजून सांगता येणार नाही, पण चित्रं काढलेली आहेत, चष्मा लावून बघा.